फादरांच्या वर्गात वारकऱ्याची नात

पत्राचा सारांश : वय वीस. घर सोलापूर जिल्ह्यातलं, वारकरी. आजोबांची आषाढी अजून चुकलेली नाही. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक. राहतं घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढलं आणि ही मुलगी अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका जेझुइट (म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने चालवलेल्या) विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेली. तिथे कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला तत्त्वज्ञानाचे आणि धर्मशास्त्राचे काही विषय घ्यावेच लागतात. नाइलाजाने घेतलेल्या तत्त्वज्ञानाच्या पहिल्याच विषयात ती रमली. आता दुसरं वर्ष संपत आलं आहे आणि कॉम्प्युटर सायन्स सोडून तत्त्वज्ञानच मुख्य विषय घ्यावा असं तिला वाटतं. वडिलांना अजून सांगितलेलं नाही. आईला फोनवर नुसतं सुचवून पाहिलं, तर आई म्हणाली, "त्या लोकांत राहून असलं काही शिकलीस तर बाटशील." वर्गातला एक मित्र वेगळंच सांगतो : इथे आधी देव मानायचा आणि मग त्याचे पुरावे शोधायचे, असला प्रकार आहे, खरं तत्त्वज्ञान शिकायचं तर सरकारी विद्यापीठात बदली करून घे. त्यातच रूममेटने एकदा सहज विचारलं, "तुम्ही हिंदू लोक देवाबद्दल नेमकं काय मानता?" आणि हिला दोन वाक्यांपुढे बोलता आलं नाही.

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ते तू कंसात, जाता जाता लिहिलं आहेस. फादरांनी वर्गात तुझा मुद्दा खोडला, तुला उत्तर सुचलं नाही, रात्री झोप लागली नाही, "पण हरल्यासारखं वाटत नव्हतं". मी सव्वीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. मार्कांसाठी शिकणारी हुशार मुलं खूप पाहिली. मुद्दा खोडला गेल्यावर आनंदाने जागी राहणारी मुलं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. त्यामुळे तुला हा विषय खरंच आवडतो आहे की नुसतं नवेपण आहे, ही शंका तू काढून टाक. आवडतो आहे. प्रश्न पुढचे आहेत, आणि तू पत्रात ते एकमेकांत गुंतवले आहेस. धर्माची भीती, पदवीचा दर्जा आणि कर्जाचा हप्ता या तीन वेगळ्या गाठी आहेत. एकीला ओढलं की दुसरी घट्ट होते, म्हणून एकेक सोडवू.

आधी तुझ्या मित्राचं म्हणणं. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर ते तत्त्वज्ञान कसलं, असं तो म्हणतो. आक्षेप हलका नाही. पण तुला हा विषय सक्तीने का घ्यावा लागला, ते आधी बघ. जेझुइटांनी १५९९ साली आपल्या शाळा-महाविद्यालयांसाठी अभ्यासाचा एक आराखडा पक्का केला. त्यात धर्मशास्त्राच्या आधी तत्त्वज्ञान होतं, आणि तेही वाद घालून, एकाने बाजू मांडायची आणि दुसऱ्याने आक्षेप घ्यायचे, अशा पद्धतीने शिकायचं होतं. तुझ्या विद्यापीठातली सक्ती ही त्याच आराखड्याची दूरची नात आहे. अशा शाळांतून सगळे आज्ञाधारकच बाहेर पडले असंही नाही. आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा जनक मानला जाणारा देकार्त जेझुइटांच्याच ला फ्लेश इथल्या शाळेत शिकला, आणि पुढे १६६३ साली त्याचे ग्रंथ चर्चच्या निषिद्ध यादीत गेले. फ्रेंच लेखक व्होल्टेअरही त्यांचाच विद्यार्थी. त्याने चर्चला काय काय ऐकवलं, ते तू पुढे वाचशीलच.

आणि थॉमस अक्वायनस, कॅथलिक परंपरेतला सगळ्यांत मोठा तत्त्वज्ञ. त्याचा 'सुमा' हा धर्मशास्त्राचा ग्रंथ तुम्हाला तुकड्यांत वाचायला दिला असेल. पुढच्या वेळी एक कर. 'देव आहे का?' हा प्रश्न तो जिथे हाती घेतो, तिथे देव आहे हे दाखवणारे त्याचे प्रसिद्ध पाच मार्ग सोडून दे आणि त्यांच्या आधीचं वाच. पहिल्याच ओळीत तो देव नाही असं म्हणणाऱ्याची बाजू मांडतो. जगात दुःख आणि दुष्टपणा आहे, मग अनंत चांगुलपणा असलेला देव कसा असेल? आणि दुसरं, निसर्गातल्या गोष्टी निसर्गाने आणि माणसाच्या गोष्टी माणसाच्या बुद्धीने समजून घेता येतात, मग देव हवाच कशाला? आजचे नास्तिक बहुतेक या दोन मुद्द्यांवरच उभे असतात, आणि ते तेराव्या शतकातल्या एका साधूने, त्यांची धार न घालवता, आपल्या उत्तराच्या आधी लिहून ठेवले आहेत. ही रीत तुला ओळखीची वाटायला हवी. आपल्याकडे हिला पूर्वपक्ष म्हणतात. शंकराचार्यांचं भाष्य उघड, तिथेही आधी विरोधकाला पोटभर बोलू दिलेलं असतं. अक्वायनस वारला १२७४ साली, आणि ज्ञानेश्वरांचा जन्म परंपरेने १२७५चा मानतात. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मला दर वेळी बरं वाटतं.

तरीही मित्राच्या आक्षेपाचा गाभा शिल्लक राहतो, हे मी नाकारत नाही. अक्वायनसला आपण कुठे पोहोचणार हे ठाऊक होतं. पण कुठे पोहोचायचं ते मनात घेऊन निघालेला माणूस वाट चुकीचीच दाखवेल, असं काही नसतं. वाट तपासता येते. प्रत्येक पायरी तुझ्यासमोर आहे, आणि जिथे पटत नाही तिथे तू थांबू शकतेस. उलट, ज्या विभागात कुठलीच श्रद्धा लिहून ठेवलेली नाही, तिथेही काही गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतातच. फक्त त्या भिंतीवर टांगलेल्या नसतात, म्हणून दिसत नाहीत. तुझ्या फादरांच्या गळ्यातला क्रूस दिसतो. समोरचा कुठून बोलतो आहे हे कळणं विद्यार्थ्याच्या सोयीचंच असतं.

म्हणून ख्रिस्ती विद्यापीठात खरं तत्त्वज्ञान होतं का, हा प्रश्न मी थोडा बदलते. तिथे असहमत होणाऱ्याचं काय होतं, हे विचार. असहमत विद्यार्थ्याला कमी मार्क पडतात का? असहमत प्राध्यापकाची नोकरी जाते का? मी स्वतः आयुष्यभर मिशनरी संस्थांमध्ये शिकवलं, आणि दोन्ही अनुभव घेतले. एका महाविद्यालयात माझे ज्येष्ठ सहकारी असलेले फादर मला दर जूनमध्ये म्हणत, "बाई, 'देव मेला' म्हणणारा तो नीत्शे तुम्ही शिकवा, मी शिकवला तर मुलांना वाटेल मी त्याला मुद्दाम दुबळा करतोय." त्यांच्याइतका प्रामाणिक शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. दुसऱ्या एका संस्थेत चार्वाकावरचं माझं व्याख्यान आदल्या दिवशी रद्द झालं आणि कारण कुणी सांगितलं नाही. दोन्ही संस्था ख्रिस्तीच होत्या.

तुझ्यासारख्याच वळणावर असलेल्या इतर मुलामुलींसाठी इथे थोडं सांगते. कारण 'ख्रिश्चन युनिव्हर्सिटी' या एका नावाखाली अमेरिकेत फार वेगवेगळ्या जागा आहेत. कॅथलिक, त्यातही जेझुइट विद्यापीठांत सगळ्या धर्मांची आणि कुठलाच धर्म नसलेली मुलं असतात. १९६७ साली कॅथलिक विद्यापीठांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन आपल्या संस्थांना चर्चच्या अधिकारापासून स्वायत्तता आणि विचारस्वातंत्र्य हवं असं निवेदन काढलं होतं. त्यावरून वाद आजही चालतात, पण वातावरण त्यातूनच घडलं. काही इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या शब्दावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, संस्था मात्र प्राध्यापकांकडून श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्यावर सही घेतात, काही ठिकाणी विद्यार्थ्यांकडूनही आचारसंहितेवर सही घेतात, चॅपलला, म्हणजे प्रार्थनासभेला, हजेरी लावावी लागते. अशा जागी उत्तम तत्त्वज्ञान होत नाही असं मात्र मुळीच समजू नका. मिशिगनमधलं कॅल्विन हे रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथाचं छोटं कॉलेज, २०१९पासून युनिव्हर्सिटी. तिथल्या एका शिक्षकाचे वर्ग ऐकून अल्विन प्लँटिंगा हा विद्यार्थी हार्वर्डची शिष्यवृत्ती सोडून परत आला आणि पुढे विसाव्या शतकातला धर्म-तत्त्वज्ञानातला एक मोठा माणूस झाला. तेव्हा प्रवेश घेण्याआधी जाहिरातीतलं चर्च बघू नका. अभ्यासक्रमाची यादी मागवा. त्यात ह्यूम आणि नीत्शे यांच्यासारखे धर्माचे टीकाकार मूळ ग्रंथांतून आहेत की नुसते खोडून काढण्यापुरते, बौद्ध किंवा भारतीय तत्त्वज्ञानाचा एखादा तरी विषय आहे का, शेवटच्या वर्षाच्या मुलांनी प्रबंधासाठी कुठले विषय घेतले, आणि ख्रिस्ती नसलेला एखादा विद्यार्थी तिथे कसा राहतो, हे त्याला फोन करूनच विचारा.

तुझं विद्यापीठ, तू जे लिहिलं आहेस त्यावरून, मला चांगलं वाटतं. फादरांनी तुझा मुद्दा खोडला, याचा अर्थ त्यांनी तो नीट ऐकला होता. ज्यांना फक्त उपदेश करायचा असतो ते मुद्दा खोडत नाहीत, ते हसतात आणि पुढे जातात. नुसत्या मित्राच्या आक्षेपापायी बदली घेऊ नकोस.

आता आई. तिची भीती मागासलेली आहे असं तू सूचित केलं आहेस. मला ते आवडलं नाही. ही भीती हवेतून आलेली नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, आणि तिथून देव घेऊन पळालेल्या घराण्यांच्या आठवणी आपल्या कोकणात अजून जिवंत आहेत. 'बाटणं' या शब्दात तो सगळा इतिहास भरलेला आहे. पण त्याच गोव्यात थॉमस स्टीफन्स हा जेझुइट आला, ओवी शिकला, आणि १६१६ साली त्याचं ख्रिस्तपुराण मराठीत छापलं गेलं. मराठीवर त्याने जितकं प्रेम केलं तितकं आपणही क्वचित करतो. आईला दोन्ही गोष्टी सांग. फक्त दुसरी सांगितलीस तर ती तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

तू बदलणार नाहीस, अशी खात्री मी आईला किंवा तुला देऊ शकत नाही, कारण ते खोटं होईल. काशीत वाढलेला नीळकंठशास्त्री गोरे हा मराठी पंडित तरुणपणी मिशनऱ्यांशी वाद घालायला निघाला. ख्रिस्ती मताचं खंडन करणारा संस्कृत ग्रंथ त्याने लिहिला. आणि १८४८ साली त्यानेच बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या हे नाव घेतलं, आणि पुढे हिंदू दर्शनांचं खंडन करणारं पुस्तक लिहिलं. याच्या उलट दुसरं उदाहरण. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात राधाकृष्णन तत्त्वज्ञान शिकले. तो विषय त्यांनी घेतला तो, असं सांगतात, एका नातेवाइकाची जुनी पुस्तकं फुकट मिळाली म्हणून. वर्गात हिंदू विचारांवर टीका ऐकावी लागे, वेदान्तात नीतीला जागाच नाही असं म्हटलं जाई. त्या टीकेने डिवचला जाऊन हा मुलगा वेदान्त मुळातून वाचायला बसला आणि १९०८ साली एम.ए.साठी वेदान्तातल्या नीतिविचारावरच प्रबंध लिहिला. टीका नसती तर तो अभ्यास झाला असता का, कुणास ठाऊक. वाद तसाच, आणि दोन बुद्धिमान माणसं दोन टोकांना गेली. दोघांनी विचार केला, एवढं मात्र खरं.

त्यामुळे मला तुझी काळजी फादरांच्या वर्गात वाटत नाही. मला काळजी वाटते ती बुधवारच्या बायबल स्टडीची. रागावू नकोस. तू लिहिलं आहेस की तिथे जातेस ते सोबतीसाठी, बाहेर बर्फ असतो, ती मुलं गरम जेवण करतात आणि तुझी विचारपूस करतात. ती चांगली मुलं असणार, जरूर जात जा. फक्त युक्तिवाद पटणं आणि माणसं आवडणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शीक. आपल्याला जिथे ऊब मिळते तिथलं सगळंच खरं वाटायला लागतं. हे भजनी मंडळातही होतं आणि नास्तिकांच्या कट्ट्यावरही. श्रद्धेबद्दलचा कुठलाही मोठा निर्णय, धरण्याचा असो की सोडण्याचा, फेब्रुवारीतल्या एकटेपणात घ्यायचा नाही, एवढा नियम स्वतःला घालून घे. उन्हाळ्यात घरी ये, आजोबांबरोबर दोन मुक्काम चाल, आणि तेव्हाही तेच वाटलं तर तो तुझा विचार समज.

रूममेटच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही याची तुला लाज वाटली. त्या लाजेखाली एक गृहीत आहे : सगळ्या हिंदूंचं देवाबद्दल एक ठरलेलं मत असतं आणि ते फक्त तुलाच माहीत नाही. तसं मत नाहीच. वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांतला सगळ्यांत मोठा पंडित कुमारिल भट्ट जग निर्माण करणारा ईश्वर नाकारतो. अभिजात सांख्य दर्शनाचं जग ईश्वरावाचून चालतं. दुसरीकडे न्यायदर्शनातला उदयनाचार्य 'न्यायकुसुमांजली'त ईश्वराच्या सिद्धीसाठी एकामागून एक अनुमानं रचतो. कार्य आहे म्हणून कर्ता हवा, हे त्याचं पहिलं अनुमान. हे अक्वायनसच्या कारणांच्या मार्गाशेजारी ठेवून बघ, आणि मग कुमारिलाचे आक्षेप दोघांवर सोडून बघ. तुझ्या वर्गातल्या एकाही मुलाला हा सामना ठाऊक नसणार. सत्राच्या शेवटी जो निबंध द्यायचा आहे, त्याचा विषय मी तुला इथेच देऊन टाकला.

आणि त्याहून जवळचं तुझ्या घरात आहे. आजोबांच्या कपाटात ज्ञानेश्वरीच्या शेजारी 'अमृतानुभव' असेल. त्यात ज्ञानेश्वर म्हणतात, शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितलं आहे म्हणून आम्ही हे मानतो असं नाही. त्यांनी सांगितलं नसतं तरी मानलं असतं. ही ओवी फादरांना भाषांतर करून दाखव. श्रद्धा आणि तर्क यांचं नातं काय, हा त्यांच्या परंपरेतला सगळ्यांत मोठा प्रश्न, आणि वारकऱ्यांच्या माउलीने त्यावर इतकं निर्भय वाक्य लिहून ठेवलं आहे. सातवं प्रकरण अज्ञानाच्या कल्पनेचं खंडन आहे, तो तर शुद्ध वाद आहे. कठीण आहे. रविवारी आजोबांना फोन लावून त्यांच्याबरोबर पाच-पाच ओव्या वाच. तुमच्या विभागात प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली स्वतंत्र अभ्यासाचा विषय घ्यायची सोय असेल. त्याखाली हे करता येतं का ते विचार. भारतीय तत्त्वज्ञान शिकवणारं तिथे कुणी नसेल, तर तीच तुझी संधी आहे.

उरली कर्जाची गाठ. इथे मी कडक बोलणार आहे. कॉम्प्युटर सायन्स सोडू नकोस. तत्त्वज्ञान कमी प्रतीचं आहे म्हणून हे सांगत नाही. तुझ्या बाबांचं घर बँकेकडे आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे आपल्या विषयातल्या कामाच्या परवान्याचं, एक वर्ष काम करता येतं. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या पदवीला त्यावर आणखी २४ महिने मिळतात. तत्त्वज्ञान त्या यादीत नाही. म्हणजे मुख्य विषय पूर्ण बदललास तर हातात छत्तीस महिन्यांऐवजी बारा महिने राहतात, आणि इथला हप्ता तर पदवीनंतर साधारण वर्षभराने सुरू होतो. हे गणित भावनेने बदलत नाही.

पण तू पत्रात दोनच पर्याय मांडलेस, हे किंवा ते. दोन्ही मुख्य विषय घेता येतात. सक्तीचे तत्त्वज्ञानाचे विषय तुझे झालेलेच आहेत किंवा होतील, आणि ते बहुतेक ठिकाणी मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, धरले जातात. उरलेले विषय चार सत्रांत बसतात का, हे विभागाच्या सल्लागाराबरोबर कागदावर मांड. एक जादा सत्र लागत असेल तर त्याची फी किती, तेही त्याच कागदावर लिही. नाहीच बसलं तर मायनर, म्हणजे दुय्यम विषय म्हणून, घे. त्यातही फादरांच्या हाताखाली एक लांब निबंध लिहिता येईल, आणि पुढे एम.ए.साठी अर्ज करायचा झाला तर पदवीच्या नावापेक्षा तो निबंध आणि त्यांचं शिफारसपत्र जास्त उपयोगी पडेल. काहीही ठरवण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन आय-२० वर (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर) काय बदलेल ते विचार, कारण दोन मुख्य विषय असले तरी स्टेमची वाढीव मुदत मिळण्यासाठी काम त्या स्टेम विषयाशीच जोडलेलं असावं लागतं. व्हिसाचे नियम बदलतही राहतात. माझ्या लेखावर किंवा व्हॉट्सअॅपवरच्या कुणा दादाच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

बाबांना मात्र फोनवर सांगू नकोस. आवाज तुटतो, मध्येच कुणी दारात येतं, आणि अर्धं वाक्य ऐकून माणूस रात्रभर तळमळतो. पत्र लिही, मराठीत, हाताने. फोटो काढून पाठवलास तरी चालेल. कर्जापासून सुरुवात कर : कॉम्प्युटर सायन्स सोडत नाही, हप्त्याची योजना ही अशी, तो कागद सोबत जोड. त्यानंतर वर्गातल्या त्या रात्रीबद्दल लिही, जशी मला लिहिलीस तशीच. ते शिक्षक आहेत. विद्यार्थ्याचं झोपेविना आनंदात राहणं म्हणजे काय, हे समजणं त्यांना तुझ्या आईइतकं अवघड जाणार नाही. मग आईला तेच समजावून सांगतील, आणि तुझ्यापेक्षा बरं सांगतील.

पुढच्या सत्राच्या विषयांची नोंदणी कधी उघडते ते तू लिहिलेलं नाहीस. ती तारीख बघ आणि पत्र त्याच्या किमान दोन आठवडे आधी टाक. बाबांनाही उत्तर लिहायला वेळ लागेल.

तुझी,
बाई